रानशिंग

रणशिंग नव्हे, रानशिंग.
आमच्या भाषेत हॉर्नला हेच नाव:
रानातलं शिंग.
हेल्वे ते मांडीवर घेऊन बसलीय
तापातल्या लेकरासारखं,
आणि तिच्या डावीकडे मी, दुसरी वादक,
अठरा वर्षं तिच्या श्वासाच्या शेजारी.

हाप्सालूचं सभागृह. बाहेर उणे सतरा.
पुढच्या रांगेत महापौर, आणि त्यांच्या बायकोचा खोकला.
हेल्वेची पाळी यायला एकसष्ट आवर्तनं आहेत.
वाजवायची फक्त नऊ. एकटीनं.
बाकी सगळे हात आवरून ऐकणार.
मागच्या शरदात याच जागी तिचा सूर फाटला,
सगळ्यांदेखत, जुनी चादर फाटावी तसा.
कुणी काही बोललं नाही.
तेच वाईट.

तेव्हापासून तिनं काय काय केलं, मला ठाऊक आहे.
केळी खाल्ली, कुणी सांगितलं म्हणून.
एकदा गोळी घेतली. हात स्थिर झाले,
सूर मात्र भरतकामाच्या उलट्या बाजूसारखा आला.
आरशापुढे उभी राहून "मला येतं, मला येतं" म्हणाली,
आणि आरशातली बाई दर वेळी
किंचित उशिरा म्हणायची.

काल रात्री अकराला तिचा फोन.
"पाच मजले पळत चढले, मुद्दाम.
छाती धडधडायला लागली की लगेच वाजवायचं.
चार वेळा फाटला. पाचव्यांदा नाही.
खालचा म्हातारा छत ठोकत होता.
ठोकू दे. तोही श्रोताच."

मग बापाचं बोलणं निघालं.
समुद्र गोठला की एंडेल व्हॅनमधून टपाल न्यायचा
बेटापर्यंत, सव्वीस किलोमीटर,
खाली काळं पाणी.
"बर्फावर पट्टा लावायचा नाही, पोरी.
दार उघडून उडी मारता आली पाहिजे.
घाई केलीस तर खाली लाट उठते,
ती पुढे जाऊन बर्फ फोडते.
थांबलीस तर तो वाकतो.
आणि आवाज येणारच. बर्फ बोलतो.
तो गप्प झाला तर घाबर."
"बाबा, तुला नव्हती वाटत भीती?"
"पोटात गोळा यायचा की!
त्याला शेजारच्या सीटवर बसवायचो.
मागे टपाल, शेजारी गोळा."

बावीस उरली.
ती नळीत मुकी फुंकर घालते, पितळ गार पडू नये म्हणून.
साचलेलं पाणी काढते. दोन थेंब माझ्या बुटावर.
तिचा गुडघा थरथरतोय.
एरवी त्यावर तळवा दाबून धरते,
आज धरत नाही.
मी बोटांवर मोजतेय. ते माझं काम:
तिचा हिशेब चुकलाच तर माझा असावा.

चौदा. तिनं कमरेचा पट्टा सैल केला.
मला हसू आलं, भर वादनात.
सहा. तोंडाला कोरड. गाल आतून चावतेय.
तीन.
शिंग ओठांशी.
आणि गोळा आता माझ्या पोटात,
जिला काहीच वाजवायचं नाही.

पहिला सूर आला.
ओलसर, कडेला बारीक तडा.
बर्फ बोलला.

ती थांबली नाही. पळालीही नाही.
पाचव्यात खोकला आला, तोही वाटेत घेतला.
सातव्यात मला मोजायचं भान राहिलं नाही,
अठरा वर्षांत पहिल्यांदा.
मग व्हायोलिनं परत आली,
आणि किनारा लागल्यावर माणूस जसा
आधी बुटांकडे बघतो,
तशी ती खाली बघत बसली.

नंतर, कोट घालताना:
"कसं झालं?"
"तडा ऐकू आला."
"हो," ती म्हणाली, केळं सोलत.
"परवा तार्तूला पुन्हा आहे.
तिथं जिने किती आहेत गं?"