अवलंबित

ईएसआयच्या कार्डावर नंबर नवऱ्याचा.
खाली मी: पत्नी, अवलंबित.
म्हणजे काय गं, लेकीला तेलुगूत विचारलं.
म्हणाली, लोंबकळणारी.

टॉवेल तो विणायचा, अक्कलकोट रोडला.
काठ मी शिवते, विडी घरकुलात, घरच्या मशीनवर,
डझनाला चार रुपये.
टॉवेल तोच.
त्याचं नाव हजेरीबुकात,
माझे नुसते डझन, दारामागं, खडूनं.

पाडव्यानंतर त्याला काढलं.
आज खिडकीतला बाबू म्हणाला,
राजमणीबाई, कार्ड बंद दाखवतंय.
काम त्याचं सुटलं, साहेब.
माझी मशीन आज सकाळीसुद्धा चालू होती.

धाप लागली म्हणून बाकावर टेकले.
शेजारी नर्सच्या खुर्चीवर टॉवेल.
कुणी बघत नाही बघून
काठ उलटा केला.
माझाच असेल, नसेल.
टाका सरळ आहे.