दोन मिलिमीटर

लश्करात, दौलतगंजच्या एका अरुंद जिन्यावर माझा दवाखाना.
शितोळेकाका खुर्चीत बसतात,
पण मान मागे टाकण्याआधी
मागून घेतात आपली नवी दाढ,
खालची, डावी.
चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर नेतात,
जसे एकतीस वर्षं कारखान्यात धरत आले
चिनीमातीचे कप :
पलीकडचं बोट दिसलं तर माल पास.

“बोट दिसत नाही, डॉक्टरीणबाई.”

दिसणार नाहीच. दाढ आहे ही,
जाडी दोन मिलिमीटर, वर थोडी,
रंगही तुमच्याच चहा-तंबाखूला जुळवलेला.
माझा निळा दिवा वरून कितीही ओतला
तरी खाली सिमेंटपर्यंत पोचतो
मोरीच्या जाळीतून यावा तेवढाच उजेड.
कड खडखडीत वाळते, आत मात्र
ओला चीक. कुणाला कळतही नाही,
एक दिवस दाढ भाकरीत येईपर्यंत.

म्हणून वीस सेकंदांच्या जागी चाळीस,
गालाकडून, जिभेकडून, पुन्हा वरून.
आणि सिमेंट दोन नळ्यांचं,
जे उरलेलं काम अंधारात आपलं आपण करतं.

काका ऐकतात. अर्धा ओठ बधिर, तरी बोलतात :
“भट्टी विझली म्हणून दार लगेच उघडायचं नसतं.
पहिल्या वर्षी मी उघडलं होतं.
सहाशे बश्या.”

दिवा पीं करतो. मी नारिंगी चष्मा काढते.
“उद्यापर्यंत या बाजूनं काही चावू नका.”

काका गजकची पुडी
डाव्या खिशातून काढून
उजव्यात ठेवतात.