ल

खानापूर. तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या पाटीखाली
माझं टेबल, खुर्ची आणि सहा वर्षांचा लॅपटॉप.
मंगळवारी सकाळी अकराला त्याची एक कळ गेली.
दाबली जायची, जरा तिरकी,
वरही यायची,
पडद्यावर मात्र काही नाही.

इंग्रजीत ती एन.
मराठीत ल, शिफ्ट धरली की ळ.
भाषा बदलून कानडी केली
तरी त्याच बोटाखाली कानडी ल, कानडी ळ.
कुणी आखली असेल ही पाटी, त्यानं
दोन घरांत मिळून एकच नळ दिला होता.
तोच कोरडा.

समोर जनाक्का घाडी, चापगावची.
वारसाचा अर्ज. नवरा कल्लाप्पा.
"वारला म्हणून घाल की गे," म्हणाली.
मी टाइप केलं तर
क, आणि पुढं ठिपक्यांचं एक वाटोळं,
आत कुणी नाही, काना तेवढा अंगाला टेकून उभा.
नावाचा मधला भागच गेला होता.
आणि "गेला" लिहायची सोय नव्हती.

तेव्हा ध्यानात आलं,
मराठीत जे काही होऊन गेलं ते सगळं
या एका कळीवर:
आला, बसला, जेवला, भांडला.
ही नाही तर सगळे अजून येतच आहेत,
ताटावरून कुणी उठत नाही,
कल्लाप्पा वारतोय, वारतोय, संपत नाही.
शेजारच्या बाकावर ईराण्णा अर्ज लिहितो, कानडीतले, पेनानं.
त्याला सांगितलं तर हसला:
"आमच्यात इल्लच म्हणता येणार नाही की मग.
साहेब विचारतील त्याला हो."

बंद करून चालू केला.
उलटा खांद्यावर घेऊन थोपटला,
दूध प्यालेल्या पोरासारखा.
लाल भुकटी सांडली, कौलांच्या भट्टीची.
ती इथं सगळ्यात असते, भाकरीतसुद्धा.
जुना टूथब्रश फिरवला.
सेटिंगमध्ये जाऊन स्टिकी का काय ते बघितलं,
बंदच होतं.
मग पडद्यावरचा कीबोर्ड उघडला,
माउसनं टिचकी मारली
आणि ल उमटला.
म्हणजे अक्षर धडधाकट होतं,
बोटापासून तिथवरचा रस्ता तेवढा तुटलेला.

अख्खा अर्ज तसाच केला.
बाकी सगळं बोटांनी, ल तेवढा माउसनं,
भाकरी थापताना दर वेळी उठून
परसातून ओंजळभर पाणी आणावं तसं.
त्रेचाळीस ल.
"एवढा येळ का लागतोय गे?" जनाक्का म्हणाली.
येळमधलाही तसाच आणावा लागला असता.

संध्याकाळी स्टेशन रोडच्या बसलिंगनं
नखानं टोपी उचकटली.
खाली कात्रीसारखं बिजागर, मुंगीएवढं,
एक पाय मोडका.
"झेडचं काढून लाव," मी म्हटलं,
"ती रिकामीच असते."
त्याचा चिमटा हवेतच राहिला.
"रिकामी कशी अक्का? आमचा ऱ्हस्व ए तिथं असतोय.
बेळगावी लिहायचं म्हणजे
ब, मग ती,
मग ही तुझी मेलेली."
मी गप्प बसले.
माझ्या बेळगावलाही ब आणि मात्रेनंतर हीच लागते.

मग त्यानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला,
कुठल्या कुठल्या भंगार लॅपटॉपांचे दात.
त्यातलं एक बिजागर बसलं, टोपीही बसली,
रंग जरा करडा, वर छापलेलं क्यू.
"बघून टाइप करतीस काय?"
"नाही."
"मग झालं की."
शंभर रुपये, वर चहा माझ्याकडून.

चालते आहे. फक्त घाईत दाबली तर
दोनदा उमटते.
परवा कुणाच्या तरी अर्जात आलं: वारलला.
एक ल खोडला.
एक राहू दिला.