दुसऱ्या घंटेनंतर

बस इथं, नाकाटो. एक बल्ब गेलाय,
पण वाशीत याहून बरा आरसा मिळत नाही.

माझ्या पेटीत नऊ डब्या.
गोरीसाठी चार, गव्हाळीला तीन, एक म्हातारपणाची.
ही तळातली, गंजलेली,
झाकणावर मीच कधीतरी मार्करनं लिहिलंय: राक्षस.
बरं झालं, तुला अजून जोडाक्षरं येत नाहीत.
तू बोट ठेवून विचारतेस, हे काय?
मी म्हणते, जुना माल.

एकांकिकेत तू सोसायटीचे सेक्रेटरी ठोंबरेकाका.
आणि आमची ओवी तू.
"एकटीच राहणार? रात्री किती वाजता येणार?
तुमच्यातले पुरुष येणार का?"
तू चष्मा कपाळावर चढवतेस हुबेहूब,
तालमीला सगळे हसले.

मग कोपरखैरण्याच्या नाक्यावरचा प्रवेश.
रिक्षावाला दर सांगत नाही, दर विचारतो.
ओवी वाक्य विसरली. म्हणाली,
मलाही विचारलंय हे, कॉलेजला असताना.
तू म्हणालीस, तुला आधी नाव तरी विचारलं असेल.
मला देश विचारतात.
आणि मी युगांडा म्हटलं तरी नायजेरियाच ऐकतात.
त्या दिवशी चहा तसाच राहिला.

कळव्याच्या शाळेत, गॅदरिंगला,
नऊ वर्षांची मी राक्षसीण होते.
बाई खूश, रंगाचा खर्च वाचला म्हणून.
पुढे आईनं स्थळाच्या कागदावर 'निमगोरी' लिहिलं.
हे तुला सांगावंसं वाटतं आणि सांगत नाही.
मला कुणी घर नाकारलं नाही,
पोरांनी मोबाईल रोखून केसांना हात लावला नाही.
दुःख थोडं जुळलं
की लगेच बहीण म्हणायचं नसतं.

तू तुझीच पिशवी उघडतेस.
माझा हात धरून शिकवतेस:
आधी लालसर, मग तपकिरी,
गालाच्या हाडाखाली किंचित निळं.
बावीस वर्षं रंगवतेय मी चेहरे.
निळं!

तिसरी घंटा.
वरून लाईटवाला महेंद्र ओरडतो,
"अहो, ही दिसतच नाहीये, पुढे सरकवा तिला!"
अंधारातून तुझं मराठी येतं,
नर्सिंगच्या वॉर्डात शिकलेलं, करकरीत:
"दिवा तू हलव. मी नाही हलणार."

पडदा जातो.
मी विंगेत बसून स्पिरिटनं झाकण घासते.
'रा' निघाला.
'क्षस' निघत नाही.