वर्षाला एक जव

गुनवोरच्या सासऱ्याने बांधलेलं होडीघर
आता गवतात उभं आहे.
ज्या कडीला होडी बांधायचे
तिला मेंढी बांधलेली.
पाण्यापर्यंत दोनशे बावीस पावलं.
लग्न होऊन आली तेव्हा एकही नव्हतं,
उंबऱ्यावरून वाकून तिने किटली विसळली होती.

समुद्र रुसला, म्हणायचे इथले म्हातारे.
समुद्र जागच्या जागी.
जमीन उठतेय,
वर्षाला एक जव.

केव्हातरी बर्फ बसला होता इथे,
तीन किलोमीटर जाडीचा, हजारो वर्षं.
त्याखाली कवच खचलं,
आणि त्याहून खालचा तापलेला खडक,
घनच, पण काळ दिला तर वाहणारा,
मुकाट सरकला बाजूला,
बाकावर जाडा पाहुणा टेकला की
शेजारचे सरकतात तसा.
पाहुणा कधीच गेला.
सरकलेले अजून परत येताहेत.

हे तिला रूनारने सांगितलं,
तो खांबावर तबकडी लावून
उपग्रहांना उंची विचारतो.
ती वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होती.
फुगल्या गोळ्यात अंगठा रुतवला, काढला,
खळगा सावकाश भरत आला.
"हे असं?"
"असंच. फक्त तुझं पीठ फार सैल आहे."

मग तिने विचारलं,
जे ती पावसाळी चेहऱ्याच्या कुठल्याच माणसाला विचारत नाही:
बेटाच्या उत्तरेला, लाल बोयापाशी,
पाणी किती?
"दोन पुरुष," तो म्हणाला,
आणि म्हणता म्हणता थांबला.
तिथेच होल्गेरची होडी, एकाहत्तरच्या ऑक्टोबरात.
होल्गेर आणि त्याचा भाऊ.

पावाच्या कागदावर तिने हिशेब मांडला.
दोन पुरुषांचे जव किती,
जवांची वर्षं किती.
चारशे.
चारशे वर्षांनी तिथे गवत,
कडीला कुणाची तरी मेंढी.

रूनारने टोपी काढली, घातली.
"हिशेब इतका सरळ नाही राहिला.
आता समुद्रही चढतोय, अर्धा जव.
ग्रीनलंडचं बर्फ."

"मग आठशे धर," ती म्हणाली,
आणि भट्टीचं दार उघडलं.

दर वसंतात ती पायवाटेवर
पाण्याच्या बाजूला
एक फळी टाकते.