सात चाळीसची फेरी

दिवाडीहून सात चाळीसच्या फेरीत रुझार चढतो
आणि मी पदेराच्या टोपल्यामागे वाकून
चपलेचा पट्टा नीट करतो.
पट्टा नीटच असतो.

आठ हजार. त्याच्या लेकीच्या नर्सिंगची फी.
कुणाच्या तरी मुंजीच्या पाकिटात घालून दिले होते.
एका नोटेला चिकटपट्टी होती,
तीच त्याने आधी खिशात सारली, मला लाज वाटू नये म्हणून.
"फेस्ताआधी दितां," म्हणाला.
त्यानंतर तीन फेस्तं झाली,
तिन्हींचे फटाके मी माझ्या पडवीतून मोजले.

सुलक्षा म्हणते, माग की, तोंड आहे ना.
तोंड आहे गं.
पण 'परत' हा शब्द म्हणजे चुलीवरचं बिनकानाचं पातेलं,
कुठून धरायचं?

पूर्वी आम्ही बोलायचो
खाजणाच्या फुटलेल्या बांधावर,
कोणी कुठलं भाट दिल्लीवाल्याला विकलं त्यावर,
तिसऱ्यांच्या भावावर तर अर्धी मांडवी सरायची.
आता लांबून आठ हजारच चालत येताना दिसतात,
रुझारचा निळा शर्ट घालून.

परवा फेरीत पदेर नव्हता.
समोरून तो सरळ माझ्याकडे आला.
मी मनात म्हटलं, राहू दे रे, नको देऊस,
नुसता उभा राहा.

"शिडी," तो म्हणाला.
"कसली?"
"म्हजी. चार वर्षं झाली. कौलं चाळायचीत,
नाहीतर मागितली नसती."
आणि पाण्याकडे बघायला लागला,
जणू शिडी मांडवीनेच नेली होती.

न्हाणीमागे होती. तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढलेला,
सातव्या पायरीपर्यंत पिवळी फुलं.
संध्याकाळभर वेल सोडवत बसलो.
एका पायरीला मी नवी काठी बांधली,
शेवटच्या पायरीवर एक घोसाळं लटकत होतं,
ते तसंच राहू दिलं. रिकामी कशी पाठवायची?

त्याने शिडी घेतली, घोसाळं घेतलं,
कुत्र्याला हाकललं, बायकोला हाक मारली,
चहा दिला.
आठ हजारांचा विषय
आम्ही दोघांनी मिळून बशीखाली ठेवला.

आज सात चाळीसला पदेर होता, टोपलंही होतं.
मी वाकलो नाही.
रुझार इंजिनाच्या बाजूला
चपलेचा पट्टा नीट करत होता.