दोन इंच आत

आज नळ नाही, म्हणून कपाट.
पाण्याच्या दिवशी कपाट काढायची आपल्याकडे कुणाची बिशाद नाही,
आधी पिंपं, मग बादल्या, मग माणसं.
एप्रिलातला रविवार. नऊलाच पत्रा
कडकड बोलायला लागलाय.

मौनिका पुण्याहून फोनवर सांगते,
"वर्षभर नेसली नाहीस ती साडी काढून टाक, आई. नियम आहे."
कुणाचा, ते सांगत नाही.
पलंगावर ढीग घालते.
बेचाळीस साड्या. नेसते सहा.
बाकीच्या छत्तीस नुसत्या राहतात माझ्याकडे,
भाडं न देता.

कारखान्यात मी चेकिंगला, अक्कलकोट रोडला.
दिवसाला तीनशे गणवेश हाताखालून जातात.
लोंबता धागा दिसला की कात्री,
टाका सुटला की बाजूला.
घरी मात्र सव्वीस वर्षं
कात्री पर्समध्येच.

हा मोरपंखी ब्लाउजपीस.
कोपऱ्यात बॉलपेनची फुली. फुली माझीच,
मीच दिलेला, नागमणीच्या ओटीभरणात.
म्हणजे हा साखर पेठेतून निघाला,
दत्तनगर, भवानी पेठ, कुठे कुठे हळदीकुंकू लावून घेतलं,
कुणी शिवला नाही,
आणि परत माझ्याच दारात.
बस आता. अभ्रा हो.

टॉवेल नऊ, पिशवीतून न काढलेले.
टोप्या सतरा.
डोकं घरात एकच,
तेही टोपी न घालणारं.

अकराला कस्तुरा आली, डोक्यावर भांड्यांची पाटी.
उंबऱ्यावर बसून एकेक साडी उन्हात धरते,
आत पंजा घालून बोटं मोजते.
माझ्यापेक्षा कडक चेकिंग.
"ही विरली. हिला जर नाही, नुसती चमकी.
अकरा साड्यांना एक पातेलं."
झाकण?
"झाकणाला आणखी दोन."
नकोच मग झाकण.

तळाशी सापडला तो.
जांभळा पंजाबी ड्रेस, हैदराबादच्या सहलीसाठी शिवलेला.
अत्तम्मांनी हातात घेतला,
कापड चोळून पाहिलं, "बागुंदी" म्हणाल्या,
व्यवस्थित घडी घातली आणि परत दिला.
नको म्हणाल्या नाहीत.
म्हणूनच कधी घालता आला नाही.
दर पाडव्याला वास लागू नये म्हणून धुवायचे,
गच्चीवर वाळत घालायचे, परत तळाशी.
इथल्या उन्हाने खाल्ला.
न घालताच विटलेला ड्रेस
माझ्याकडे आहे.

कस्तुरा म्हणते, "टाका ह्यात, वाटी देते."
मी टाकतेच आहे, आणि बोट
सवयीने शिवणीवरून फिरतं.
आत कापड आहे.
दोन्ही बाजूंना दोन दोन इंच.
अंबादास मास्तर सोडायचेच,
"बाया वाढतात, वहिनी," म्हणायचे, तोंडात टाचणी धरून.

"राहू दे गं," म्हणते मी. "हा नको."

दुपारभर ब्लेडने शिवण उसवली,
टाका टाका, पंख्याखाली,
जेवण विसरून.
आतून निघालं ते
वांग्याच्या सालीसारखं गडद, ओलं वाटावं असं जांभळं.
ऊन तिथवर पोचलं नव्हतं.
सव्वीस वर्षं तो रंग
शिवणीत बसून होता
आणि मी कपाटात दुसरंच काही शोधायचे.

मशीनवर नवी शिलाई मारली, अगदी कडेला.
आता काखेपासून गुडघ्यापर्यंत
दोन गडद पट्टे. लपत नाहीत.
लपवायला ठेवलेलं कापड
संपलं आता.

संध्याकाळी तोच घालून शेंगाचटणी आणायला गेले.
कोपऱ्यावरची सिंधू थांबवून विचारते,
"काकू, हे डिझाईन कुठलं?"
मास्तरांचं, म्हटलं.
आणि चालताना लक्षात आलं,
बाह्या मात्र अजून घट्टच आहेत.

घरी आले. मौनिकाचा फोन वाजतोय,
किती टाकल्यास, विचारेल.
गॅसवर नव्या पातेल्यात आमटी उकळतेय,
वर झाकण म्हणून ताट.